संचालकाविना वाद्यवृंद

एखाद्या मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे चित्र वर्गात दाखविले, की मुलांकडून एक प्रश्न हटकून येतो : मधोमध उभा असलेला तो गृहस्थ काय वाजवितो? तो काहीच वाजवीत नाही, असे उत्तर दिले म्हणजे वर्गात हशा पिकतो. शंभर माणसे घाम गाळून वाजवितात, आणि टाळ्यांच्या कडकडाटात सर्वांआधी लवून नमस्कार करतो तो न वाजविणारा, ही गोष्ट मुलांच्या न्यायबुद्धीस पटत नाही. प्रश्न दिसतो तितका पोरकट नव्हे. यंदा तर तो आमच्या शाळेपुढे व्यवहाराचा प्रश्न म्हणून उभा राहिला आहे.

आमच्या शाळेच्या तंतुवाद्यवृंदात चौदा मुलेमुली आहेत. आठ व्हायोलिने, तीन दिलरुबे, दोन सतारी आणि एका सद्‌गृहस्थाने भेट दिलेला जुना चेलो, एवढा आमचा संसार. गतवर्षीच्या आंतरशालेय स्पर्धेत या वृंदाला पारितोषिक मिळाले नाही. त्यावरून काही पालकांनी व आमच्या काही सहकाऱ्यांनी अशी सूचना केली, की बाहेरून एखादा अनुभवी संचालक आणावा, त्याला मुलांपुढे उभा करावा, म्हणजे वादनात सफाई येईल आणि ढाल शाळेत येईल. सूचना सद्‌हेतूची आहे, आणि ती मान्य झाली तर ढाल येईलही. तरीही आमचे मत तिच्या विरुद्ध आहे. ते तसे का, हे सांगण्यासाठी वार्षिक अंकाची ही चार पाने आम्ही संपादक-मंडळाकडून मागून घेतली आहेत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की छडी घेऊन पुढे उभा राहणारा संचालक ही युरोपातही फारशी प्राचीन गोष्ट नाही. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजदरबारी लुली नावाचा संगीतकार जाडजूड काठी जमिनीवर आपटून ताल देत असे. १६८७ साली, राजा दुखण्यातून उठल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ चाललेल्या वादनात ती काठी त्याच्या स्वतःच्याच पायाच्या बोटावर बसली, जखम चिघळली आणि त्यातच त्याचा अंत झाला. (संचालकांविषयी आमचे मत कलुषित करण्याचा या गोष्टीचा हेतू नाही, पण ती सांगितल्यावाचून राहवत नाही.) पुढे १७९१ ते १७९५ या काळात हायडन दोनदा लंडनला गेला आणि आपल्या नव्या सिंफनी त्याने तेथे सादर केल्या. त्या वेळी तो स्वतः पियानोपाशी बसलेला असे, आणि वृंदाचे नेतृत्व साल्मन हा पहिला व्हायोलिनवादक आपल्या गजाच्या इशाऱ्याने करीत असे. म्हणजे पुढारी होता. पण तो वाजविणाऱ्यांतलाच एक होता. हातात वाद्य नसलेला आणि केवळ हातवारे करणारा स्वतंत्र संचालक स्थिरावला तो एकोणिसाव्या शतकात, वृंद फुगत चालल्यावर.

तो का आवश्यक झाला, याचे कारण पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात सापडते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आमच्या संगीताच्या खोलीत एका कोपऱ्यातला स्वर दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचण्यास सेकंदाचा चाळिसावा हिस्सा पुरतो. कानाला तो विलंब जाणवतदेखील नाही. पण वादक शंभर मीटरांवर पसरले, तर शेवटच्या माणसाला पहिल्याचा आघात सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याने उशिरा ऐकू येणार, आणि तो जर कानावर विसंबून वाजवू लागला तर दर पावलाला मागे पडणार. अशा वेळी कानाचे काम डोळ्याकडे द्यावे लागते, कारण हात हाललेला मात्र सर्वांना एकाच क्षणी दिसतो. उज्जयिनीच्या वाचकांस याचे उदाहरण दूर शोधावयास नको. २०२४ च्या श्रावणात महाकालाच्या सान्निध्यात दीड हजार डमरूवादकांनी एकत्र वादन करून जागतिक विक्रम नोंदविला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. दीड हजारांचा तो समुदाय केवळ एकमेकांस ऐकून एका लयीत राहणे शक्य नाही. तेथे डोळ्यांना दिसेल अशी खूण पाहिजेच. मात्र चौदा जणांच्या वृंदाला जर डोळ्यापुढे खूण लागत असेल, तर कोठेतरी कानाचा उपयोग व्हावयाचा राहून गेला आहे, असे म्हणणे प्राप्त आहे.

हे आम्ही केवळ तर्काने म्हणतो असे नव्हे. अमेरिकेत बॉस्टन शहरी २००७ साली सतरा तरुण वादकांनी एकत्र येऊन 'अ फार क्राय' नावाचा तंतुवाद्यवृंद काढला. त्याला संचालक नाही. बसण्याच्या जागा आणि पहिल्या व्हायोलिनचा मान त्यांच्यात फिरता असतो. आज जो पुढे, तो उद्या मागच्या रांगेत. कोणत्या रचना वाजवावयाच्या, हेदेखील सर्वांनी मिळून ठरवावयाचे. चेलोवाल्यांखेरीज बाकीचे बहुधा उभ्यानेच वाजवितात, म्हणजे एकमेकांचे अंग, खांदा, श्वास दिसत राहतो. दोनतीनशे वर्षांपूर्वीच्या जुन्या रचना आणि आजच्या हयात रचनाकारांनी त्यांच्यासाठी लिहिलेल्या नव्या रचना, दोन्ही ते एकाच कार्यक्रमात वाजवितात. त्यांच्या आधी, १९७२ साली, न्यूयॉर्कमध्ये 'ऑर्फियस' हा असाच संचालकाविना चालणारा वृंद निघाला. त्यात तंतुवाद्यांबरोबर सुषिर वाद्येही आहेत. तालमीच्या वेळी त्यांच्यापैकी एखादा वादक आपले वाद्य खाली ठेवून सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसतो, ऐकतो आणि परत येऊन सांगतो : आतले आवाज बुडत आहेत, सुरुवात जड होते आहे. त्यांच्या या रीतीचा अभ्यास करण्यासाठी व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक येऊन बसले होते म्हणतात. प्राध्यापकांना त्यात काय गवसले असेल ते असो. आम्हांला त्यातली उठून मागे जाऊन बसण्याची कल्पना फार मोलाची वाटते.

मॉस्कोत तर १९२२ सालीच असा एक प्रचंड वृंद निघाला होता. 'पेर्सिम्फान्स' हे त्याचे नाव. क्रांतीनंतर मालक नको, तसा संचालकही नको, ही त्यामागची भावना होती. वादक वर्तुळ करून बसत आणि त्यांतले काही चक्क श्रोत्यांकडे पाठ करीत, कारण एकमेकांचे तोंड दिसणे अधिक महत्त्वाचे. दहा वर्षांनी, १९३२ साली, तो बंद पडला. आमच्या मते एखाद्या तत्त्वाच्या सिद्धतेसाठी संचालक काढून टाकणे निराळे आणि एकमेकांस ऐकता यावे म्हणून त्याच्यावाचून बसणे निराळे. आमचा पक्ष दुसरा आहे.

येथे कोणी म्हणेल, की हे सारे परदेशचे. आपल्याकडे संचालक होताच कधी? हे खरे आहे, आणि अर्धेच खरे आहे. आपल्या मैफिलीत गवयापुढे कोणी छडी घेऊन उभा राहत नाही. मराठी संगीत नाटकांत ऑर्गनवाला आणि तबलजी नटाच्या तोंडाकडे पाहत आणि त्याने एखादी जागा लांबविली की निमूटपणे थांबत. पण तेथे सर्वांचे लक्ष एकाकडे लागलेले असते. तो मुख्य, बाकीचे साथीदार. त्याचा हात हालत नसला तरी तोच संचालक. समान दर्जाच्या दहाबारा माणसांनी एकत्र बसून, कोणी कोणाची साथ न करता, मिळून एक वस्तू निर्माण करावयाची, ही गोष्ट आपल्या शास्त्रीय संगीतात अलीकडची आहे आणि तिला आपण अद्याप मनापासून मान दिलेला नाही. मुलगा सतार शिकू लागला की तो एकटा केव्हा बसणार, त्याचा पहिला कार्यक्रम केव्हा होणार, याची घरच्यांस घाई. वृंदात वाजविणे म्हणजे ज्याला एकट्याने जमत नाही त्याची सोय, असा एक समज आहे. आम्हांला हा समज घातक वाटतो.

आम्ही मूळचे गोमंतकातले. आमच्याकडे व्हायोलिन हे श्रीमंतांचे वाद्य कधीच नव्हते. कोकणीत आम्ही त्याला 'रेबेक' म्हणतो. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या गावशाळांतून 'मेस्त', म्हणजे संगीताचे मास्तर, शेतकऱ्यांच्या आणि रेंदेरांच्या पोरांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत आणि हाती रेबेक देत. मे महिन्यात गावोगावी खुरसापुढे 'लादाइन्य' होते. त्या वेळी दोन रेबेके, असलाच तर एक मोठा बास, आणि सारी वाडी गात असते. तेथे कोणी कोणाला हात दाखवीत नाही. चवथीच्या दिवसांत हिंदूंच्या घरी घुमट-शामेळांच्या साथीने आरत्या चालतात, तेथेही तसेच : ज्याला लय ठाऊक तो वाजवितो आणि ज्याला ठाऊक नाही तो त्याच्या शेजारी बसून वर्षभरात शिकतो. याच गावशाळांतून तयार झालेले शेकडो गोमंतकीय पुढे मुंबईस गेले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिनच्या रांगा त्यांनी भरून काढल्या. पेडणे तालुक्यातील पार्से गावच्या श्रीधर पार्सेकरांनी तर हेच विलायती वाद्य घेऊन रागसंगीतात नाव मिळविले.

मात्र मुंबईची वाट धरणाऱ्यांहून एका गोमंतकीयाचे स्मरण आम्हांला या प्रसंगी अधिक होते. त्याचे नाव लोबो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो कलकत्त्यास बँडमास्तर होता. घरातून पळून आलेला, अन्नछत्रात जेवणारा आणि मिळेल त्या गुरूपासून मिळेल ते वाद्य शिकणारा एक बंगाली तरुण त्याच्याकडे गेला आणि पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिनवादन शिकला. त्याच शहरात हाबू दत्तांच्या वाद्यवृंदाचे संस्कारही त्याच्यावर झाले. हा तरुण म्हणजेच पुढचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. रामपूरच्या वजीर खाँकडे त्यांनी केलेली तपश्चर्या, अली अकबर, अन्नपूर्णादेवी, रविशंकर, निखिल बॅनर्जी, पन्नालाल घोष अशी शिष्यमालिका, हे सर्व सुप्रसिद्ध आहे. त्या मानाने त्यांच्या ज्या कामाची चर्चा कमी होते, ते काम आमच्याच मध्य प्रदेशात झाले आहे.

१९१८ साली देशभर मानमोडीची साथ आली. मैहर संस्थानात ती आली तेव्हा कित्येक घरे ओस पडली आणि मुले उघडी पडली. अल्लाउद्दीन खाँ त्या वेळी मैहरचे राजे ब्रिजनाथसिंह यांचे संगीतगुरू होते. त्यांनी ती अनाथ मुले गोळा केली, मुलगे आणि मुलीही, आणि त्यांच्या हाती वाद्ये दिली. सतार, सरोद, इसराज, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, तबला. हाताशी जे आले ते. संस्थानातील जुन्या बंदुकांच्या नळ्या कापून त्यांचे त्यांनी 'नलतरंग' नावाचे वाद्य बनविले. मारण्यासाठी ओतलेले लोखंड गाऊ लागले. असा तो 'मैहर बँड', अथवा मैहर वाद्यवृंद. पोरक्या पोरांपैकी कोणाचे घराणे गवयाचे नव्हते, कोणाला अक्षरओळखही पुरती नव्हती. त्यांना रागांतल्या रचना शिकविल्या त्या तोंडाने, कानाने आणि पाठांतराने. पुढे कागद नाही. समोर चौथऱ्यावर उभा राहून छडी हालविणारा कोणी, ही त्या वृंदाची चालच नव्हे. बैठकीवर मांडी घालून बसावयाचे आणि शेजाऱ्याला ऐकत वाजवावयाचे.

बाबा कडक होते. शिस्तीच्या बाबतीत त्यांच्याविषयी ज्या आख्यायिका प्रचलित आहेत त्या आजच्या शाळा-निरीक्षकाच्या कानी घालण्याजोग्या नाहीत. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. कारण संचालक नको म्हणणे म्हणजे गुरू नको म्हणणे, असा अर्थ आमच्या लिहिण्याचा कोणी करू नये. शिकविताना कठोर अधिकार लागतो. खुंटी पिळून तार स्वरात आणणे, गज सरळ ओढणे, राळ किती लावावी आणि केव्हा पुरे म्हणावे, एवढे साधण्यास वर्षे जातात आणि ती मुलांच्या मर्जीवर सोडता येत नाहीत. प्रश्न त्यानंतरचा आहे. १९३५ च्या सुमारास बाबा उदयशंकरांच्या नृत्यसंचाबरोबर परदेशी गेले आणि १९७२ साली त्यांनी देह ठेवला. वृंद राहिला. जुन्यांनी नव्यांस शिकविले आणि बाबांच्या रचना एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती गेल्या. ज्या वृंदाची लय एका माणसाच्या हातात असते, तो वृंद त्या माणसाबरोबर जातो. ज्याची लय चौदा जणांच्या कानांत असते, त्याचे एक-दोन गेले तरी भागते. मैहरला शारदेच्या दर्शनाला जाणाऱ्या आमच्या पालकांनी एकदा वाकडी वाट करून हा वृंदही ऐकावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.

तंतुवाद्यांचाच आग्रह आम्ही का धरतो, तेही सांगितले पाहिजे. हार्मोनियमची पट्टी दाबली की जो स्वर निघावयाचा तो निघतो. वाजविणाऱ्याचा त्यात हात चालत नाही. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर पुढे पडले तरी स्वर चढतो. पाश्चात्त्य रीतीने त्याच्या चार तारा लावतात त्या अशा, की प्रत्येक तार आपल्या खालच्या तारेचा पंचम असावी. आपला षड्ज-पंचम भावच तो. दोन मुलांनी एकच स्वर वाजविला आणि एकाचा सेकंदाला ४४० आंदोलनांचा व दुसऱ्याचा ४४२ चा असला, तर सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. यास पदार्थविज्ञानात विस्पंद म्हणतात. आमच्या वृंदातील मुले त्याला 'डोल' म्हणतात. हा डोल बंद होईपर्यंत दोघांनी एकमेकांकडे सरकावयाचे असते. कोणी सरकावे? माझे बरोबर, तुझे चूक, असे म्हणून तो डोल जात नाही. बाहेर उभा असलेला संचालक फार तर 'बेसूर' म्हणून ओरडेल; कोणाचे बोट किती हलावयास पाहिजे हे त्या दोघांच्याच कानांनी ठरते.

आणि आरंभ कसा करावयाचा? एक-दोन-तीन मोजून नव्हे. ज्याच्याकडे त्या दिवसाचे पुढारपण, तो गज तारेवर टेकण्यापूर्वी नाकाने श्वास घेतो आणि व्हायोलिनचे डोके किंचित वर उचलतो. तो श्वास जितका लांब तितकी लय संथ, जितका तुटक तितकी द्रुत. बाकीचे तेरा जण त्याच्याबरोबर श्वास घेतात आणि गज एकदमच उतरतो. हे चांगल्या रीतीने साधले की ऐकणाऱ्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात, आणि साधले नाही तर चौदा दारे निरनिराळ्या वेळी उघडल्यासारखे वाटते. दोन्ही आम्ही ऐकले आहे.

गेल्या पावसाळ्यात आमचे संगीतशिक्षक तीन आठवडे रजेवर होते. मुलांनी तालीम बंद ठेवावयास नकार दिला. पहिल्या आठवड्यात ऐकण्याजोगे काही झाले नाही. लय प्रत्येक आवर्तनाला ओढली जाई. व्हायोलिनवाले म्हणत दिलरुबे रेंगाळतात, दिलरुबेवाले म्हणत व्हायोलिने पळतात. एक मुलगी रडून घरी गेली. दुसऱ्या आठवड्यात भांडण झाले ते मात्र कामाचे झाले. कोणीतरी शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि त्याच्या ध्यानात आले, की दिलरुब्यांना चेलो ऐकूच येत नाही, कारण मध्ये आठ व्हायोलिनांची भिंत आहे. ज्याच्यावर लय तोललेली, तो चेलो खोलीच्या दुसऱ्या टोकाला! मुलांनी बाके सरकविली, चेलो मध्यभागी आणला आणि भोवती घोड्याच्या नालेसारखी बैठक केली. तिसऱ्या आठवड्यात शिक्षक परत आले आणि दाराशी उभे राहून त्यांनी संपूर्ण रचना ऐकली. आत आल्यावर त्यांनी आपली खुर्ची नालेच्या बाहेर ठेवली. ती आजपर्यंत बाहेरच आहे.

आता आक्षेपांकडे वळू. वेळ फार जातो, हा पहिला. जातो, यात शंका नाही. जे काम संचालक एका वाक्यात उरकील, त्यास मुलांना तीन तालमी लागतात. परीक्षा मार्चात असताना हे परवडणारे नाही, असे दहावीच्या पालकांचे म्हणणे असल्यास त्यांच्याशी आमचे भांडण नाही. दहावीच्या मुलांना डिसेंबरानंतर सुटी द्यावी. दुसरा आक्षेप असा, की अशाने दोन-तीन दांडगी मुले बाकीच्यांवर अधिकार गाजवितात. हा आक्षेप पहिल्याहून गंभीर आहे. संचालक नसला म्हणजे अधिकार नाहीसा होतो असे नाही; तो लपून बसतो, आणि लपलेला अधिकार उघड्या अधिकाराहून वाईट. म्हणूनच पुढारपण फिरते ठेवावे आणि ते कागदावर लिहून भिंतीस लावावे. जो मुलगा कधीच बोलत नाही, त्यालाही एका रचनेपुरता आरंभाचा श्वास घेण्याचा हक्क असावा, मग तो आरंभ चुकला तरी चालेल. तिसरा आक्षेप पारितोषिकाचा. स्पर्धेचे परीक्षक पंधरा मिनिटे ऐकतात आणि जातात. त्यांच्यासाठी मुलांना बाहुल्यांसारखे नाचविणे शाळेला शोभत नाही, एवढेच आमचे उत्तर आहे. ते अनेकांस पुरेसे वाटणार नाही, हे आम्ही जाणतो.

मुंबईस १९४० साली मेहली मेहता यांनी 'बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट' काढले : दोन व्हायोलिने, एक व्हायोला, एक चेलो. चौघांच्या अशा संचाला संचालक नसतोच. मौज अशी, की ज्या घरात हे घडत होते त्याच घरचा मुलगा, झुबिन, पुढे जगातला एक नामांकित संचालक झाला. लहानपणी संचालकावाचून चाललेले वादन ज्याच्या कानी पडले, त्यास संचालन वाईट जमत नाही, असे दिसते.

राहता राहिला नव्या रचनांचा मुद्दा. आमचा वृंद आतापर्यंत यमन, भूप आणि दुर्गा यांतल्या ठरीव गती वाजवीत आला. त्या उत्तम आहेत आणि त्या सोडाव्यात असे आम्ही म्हणत नाही. पण जो वृंद केवळ जुनेच वाजवितो, त्याला ते कसे वाजवावयाचे हे आधीच कोणीतरी सांगून ठेवलेले असते. म्हणजे अदृश्य संचालक आहेच. नवी रचना पुढे आली की सांगणारा कोणी नसतो. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवीत आणि शिकवीत. प्यारेलाल त्यांचे शिष्य. त्यांनी १९५८ साली स्वतःच्या हिमतीवर मोठा वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मुंबईत सादर केल्या. पैशाच्या दृष्टीने त्यात काही हाती लागण्यासारखे नव्हते. पुढे चित्रपटाच्या एका गाण्यात त्यांचे नाव देशभर गाजले, पण त्या रचना किती जणांनी ऐकल्या? नवे निर्माण करणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा हेच येते, आणि तरीही नवे हवे.

आमच्या वृंदातील नववीच्या दोन मुलांनी यंदा एक रचना बांधली आहे. सवारीच्या वेळी झांज-डमरूंचा जो घोष गोपाळमंदिराच्या रस्त्याने येतो, तो दुरून जवळ येताना कानाला कसा वाटतो, हे त्यांना केवळ तारांवर दाखवावयाचे आहे. सतारी आरंभी खर्जात छेडावयाच्या, दिलरुब्यांनी एकच स्वर धरून ठेवावयाचा, आणि व्हायोलिने एक एक करून त्यात शिरावयाची, अशी त्यांची योजना. मधला एक भाग फसतो. तेथे लय दुप्पट होते आणि कोणी कोणाला ऐकावे हे ठरत नाही. संगीतशिक्षकांना त्यावरचा उपाय ठाऊक आहे, असा आमचा तर्क आहे. ते सांगत नाहीत.

व्यवस्थापक मंडळाची बैठक पुढील महिन्यात आहे. तीत संचालक आणण्यासाठी जी रक्कम सुचविली आहे, तिच्यातून आमच्या हिशेबाने व्हायोलिनच्या तारांचे आठ पूर्ण संच, चेलोच्या दोन जाड तारा, दोन गजांना नवे केस आणि वर्षभराची राळ एवढे येते. सर्वांत बारीक तार सर्वांत आधी तुटते, म्हणून ती प्रत्येकी एक जास्त धरली आहे. बैठकीपूर्वी मंडळाच्या सभासदांनी एखाद्या शनिवारी चार वाजता संगीताच्या खोलीत यावे. खुर्च्या शेवटच्या रांगेत मांडून ठेवू.